सुवालीला उतरलेला बाजा आणि नानपुऱ्यातली कॅसेट

जुन्या सुरतेतल्या मराठी घरांविषयी इथे आपण सगळेच लिहितोय. कोणी गणपतीचं लिहिलं, कोणी मिलच्या भोंग्याचं. आज मी एका पियानोची गोष्ट सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमचे आजोबा नंदुरबारहून ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेला आले आणि इथलेच झाले. वडील मिलच्या ऑफिसात हिशेब बघत आणि संध्याकाळी पेटी वाजवत. पेटीवरची माझी बोटं बघून त्यांच्या एका पारशी सहकाऱ्याने सुचवलं की नानपुऱ्यात एक बाई पियानो शिकवतात, पोराला पाठवा. आईला ते पटलं नव्हतं. "पेटी धड येईना आणि हे कुठलं नवीन खूळ?" असं तिचं म्हणणं. पण 1978 च्या जूनमध्ये मी जायला लागलो. त्या बाईंना सगळे 'मिस' म्हणत. तळमजल्याचं घर, वडिलांच्या वेळचा उभा पियानो, आणि पहिल्या दिवशीचं पहिलं वाक्य, "दीकरा, हाथ ढीलो राख."

मिस एक गोष्ट नेहमी सांगायच्या. असा पट्ट्यांचा विलायती बाजा इंग्रजांनी या देशात आणला तो आपल्या सुरतेतून. मला ती थाप वाटायची. पुढे वाचलं, तर खरं निघालं. 1612 साली कॅप्टन बेस्टची जहाजं सुवालीला लागली. त्यांतून आलेल्या इंग्रजांबरोबर लॅन्सलॉट कॅनिंग नावाचा एक वादक होता. त्याचं वाद्य व्हर्जिनल, म्हणजे तारा छेडणारी लहानशी पेटी म्हणा. आग्र्याला जहांगीर बादशहासमोर ते काही रंगलं नाही. बरोबरच्या कॉर्नेटवाल्याचं मात्र कौतुक झालं. बिचारा कॅनिंग त्या जिव्हारी लागलेल्या अपमानानेच मेला, असं तेव्हाच्या इंग्रजांनी लिहून ठेवलंय. पुढे सप्टेंबर 1615 मध्ये सर टॉमस रो सुवालीलाच उतरला. त्याच्या नजराण्यातही व्हर्जिनल होतं आणि टॉमस आर्मस्ट्राँग नावाचा वादक. जानेवारी 1616 मध्ये अजमेरच्या दरबारात ते वाजलं आणि या वेळी बादशहा खूश झाला, असं रो लिहितो. आपण रविवारी ज्या सुवालीच्या वाळूत मुलांना खेळवायला नेतो, ती ही जागा.

मिसचं दैवत मात्र नंतरचं. योहान सेबास्टियन बाख. महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी 1664 ची, दुसरी 1670 ची. बाखचा जन्म त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1685 साली जर्मनीत. 1722 मध्ये, म्हणजे बाजीराव पेशवे होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा, त्याने 24 प्रिल्यूड आणि 24 फ्यूगची पहिली वही पुरी केली. बारा सुरांपैकी प्रत्येकाला षड्ज धरून एक मेजर आणि एक मायनर, असे चोवीस. वीसेक वर्षांनी तेवढीच दुसरी वही. दोन्ही मिळून 48 जोड्या, म्हणून पियानोवाले त्यांना नुसतं 'अठ्ठेचाळीस' म्हणतात.

आता प्रिल्यूड आणि फ्यूग म्हणजे काय? मिसनी मला सांगितलं तसं सांगतो. प्रिल्यूड म्हणजे घरात शिरण्याआधीचा ओटा. तिथे हात मोकळा होतो, सूर कळतो. फ्यूग म्हणजे घरातली माणसं. आधी एकजण एकटाच एक वाक्य बोलतो. ते संपतं न संपतं तोच दुसरा तेच वाक्य पंचमावरून बोलतो, पण पहिला गप्प बसत नाही. मग तिसरा, मग चौथा. पहिल्या वहीतला पहिला फ्यूग चार आवाजांचा आहे आणि अवघ्या 27 मापांत ते वाक्य 24 वेळा येतं. हे सगळं दोन हातांनी, दहा बोटांनी. कधी एकाच हातात दोन माणसं बोलत असतात आणि अंगठ्यातलं माणूस सारखं मागे पडतं.

मिसची पद्धत अशी की तीन आवाज वाजवायचे आणि चौथा गायचा. मग दुसरा गायचा. मला गाता यायचं, पण वाजवताना दुसऱ्याच ओळीत घसरायचो. एका फ्यूगला सात महिने लागले.

वडिलांचा आक्षेप वेगळाच होता. "बारा सूर ठोकून बसवलेले. त्यात श्रुती कुठे?" हा वाद आपल्याकडे पेटीवरूनही झालाच होता. आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला दार बंद ठेवलं होतं, ते याच कारणांमुळे. वडील स्वतः पेटीवाले, तरी त्यांना ते पटायचं. पण बाखचा खटाटोप नेमका याच अडचणीशी होता. वाद्य असं जुळवायचं की कुठलाही सूर षड्ज धरला तरी कानाला बोचू नये. शिवाय त्याने लिहिलं ते हार्पसिकॉर्ड आणि क्लॅविकॉर्डसाठी. हार्पसिकॉर्डवर बोट जोरात मारा की हळू, आवाज तेवढाच. पियानोवर चार आवाजांतला एक पुढे आणता येतो, बाकीचे मागे ठेवता येतात. म्हणून पियानोवर बाख वाजवणाऱ्याला प्रत्येक ओळीत निवड करावी लागते, आणि त्या निवडीत माणूस उघडा पडतो.

रेकॉर्डिंगचं वेड मला मिसनीच लावलं. एडविन फिशर या पियानोवादकाने 1933 ते 1936 या काळात लंडनला सगळ्या अठ्ठेचाळीस जोड्या तव्यांवर भरल्या. पियानोवर पूर्ण संच पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला तो हाच. नंतर कॅनडाचा ग्लेन गूल्ड आला. 1964 मध्ये त्याने जाहीर मैफली कायमच्या बंद केल्या, कारण त्याचा स्टुडिओवरच विश्वास. त्याने स्वतःच लिहिलंय की पहिल्या वहीतला ए मायनर फ्यूग अनेकदा वाजवला आणि शेवटी सहावा आणि आठवा प्रयत्न टेप कापून जोडला. एकटा कुठलाच त्याला पुरेसा वाटला नाही.

याच गूल्डने वाजवलेला दुसऱ्या वहीतला पहिला प्रिल्यूड-फ्यूग 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबरच्या सोनेरी तबकडीवर गेला. त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकर आहेत, 'जात कहाँ हो' ही भैरवी गाताना. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. यान सुटलं आणि त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. मिसनी हे सांगितलं तेव्हा वडील पहिल्यांदा माझा सराव ऐकायला खुर्ची ओढून बसले.

1988 च्या दिवाळीत मी आमचा टेपरेकॉर्डर सायकलला बांधून मिसकडे नेला. तेव्हा त्या साठीला आल्या होत्या. म्हटलं, तुमचे अठ्ठेचाळीस भरून ठेवू. त्या हसल्या, पण तयार झाल्या. मायक्रोफोन पियानोवर नाही, बाजूच्या गादीवर ठेवायचा, हे चुकतमाकत कळलं. पंखा बंद करायचा, दूधवाल्याची वेळ टाळायची. अकरा जोड्या झाल्या. मग मला वापीला नोकरी लागली, लग्न झालं, आणि 'पुढच्या सुट्टीत' म्हणता म्हणता बाकीच्या सदतीस राहून गेल्या.

6 ऑगस्ट 2006. रविवार. संध्याकाळी मिसचा फोन. उकाईचं पाणी सोडणार म्हणतात, पियानो विटांवर चढवायला चार माणसं मिळतील का? मी तोवर सुरतेला परत आलो होतो, घर लांब नव्हतं. पण मुलांचं आवरणं, दूध, किराणा. मी म्हटलं, "सकाळी येतो." सकाळी तापी रस्त्यावर होती. उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, शहराचा बहुतेक भाग बुडाला, ते तुम्ही सगळ्यांनी भोगलंच आहे. मिसना शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर नेलं. बरोबर त्यांनी एक पिशवी घेतली होती, त्यात औषधं आणि बाखच्या दोन वह्या.

पाणी ओसरल्यावर गेलो. गुडघाभर चिखल. पियानोतला लाकूड धरून ठेवणारा सरस पाण्यात विरघळला होता. फळी सुटली होती, पट्ट्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या. मी कपाळाला हात लावून उभा. मिस एवढंच म्हणाल्या, "विटा पण बुडल्याच असत्या, दीकरा." खरंच होतं ते. पाणी विटांच्या कितीतरी वर गेलं होतं. तरी त्या रविवारची संध्याकाळ माझ्या मनातून जात नाही. 2009 मध्ये मिस गेल्या. दुसरा पियानो त्यांनी घेतला नाही.

कॅसेट मात्र माझ्याकडे, दुसऱ्या मजल्यावर होत्या, म्हणून वाचल्या. यंदा पुतण्याने त्या संगणकावर उतरवून घेतल्या. पहिल्याच फ्यूगमध्ये मध्येच एक आवाज मिसच्या हातून सुटतो. त्या थांबतात, "फरीथी," म्हणतात आणि पहिल्यापासून वाजवतात. पुतण्या म्हणाला, काका, हे कापून टाकू, कळणारही नाही. त्याने करून दाखवलं, आणि खरंच कळत नव्हतं. मी गूल्डचा दाखला द्यायला तयारच होतो. पण गूल्डने कापलं ते स्वतःचं. शिवाय मिस किती कडक होत्या ते मला ठाऊक. चूक कोणाला ऐकवलेली त्यांना मुळीच खपली नसती. म्हणजे कापावं तरी पंचाईत, न कापावं तरी पंचाईत.

शेवटी त्यांच्या भाचीला नवसारीला फोन केला. दोन्ही ऐकवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मासीचा बोलतानाचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. तो एक शब्द राहू द्या."

तो राहिला आहे.

मंडळी, तुमच्या माळ्यावर कोणाच्या भजनाची, नाट्यगीताची, नुसत्या गप्पांची कॅसेट असेल, तर पावसाळ्याआधी खाली काढा. बुरशी आली असेल तर घाईने मशीनमध्ये घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. आणि कोणी रविवारी फोन करून बोलावलं, तर रविवारीच जा.