धरणाकाठची म्हातारी माणसे आणि त्यांचा हक्क

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा तिच्यात आपल्या धरणाकाठच्या गावांचा इतिहास यावा अशी सर्वांची इच्छा होती. लिहून ठेवलेले आपल्याकडे फारसे नाही. म्हणून आम्ही वही-पेन घेऊन जुन्याजाणत्या माणसांकडे गेलो. सत्तरी-ऐंशी ओलांडलेली ही माणसे. पाण्याखाली गेलेली वेस, तक्क्या, नदीकाठची शेते, कोणाचे घर कोठे होते, हे सारे त्यांच्या डोळ्यांपुढे अजून लख्ख आहे. ती बोलत होती, आम्ही लिहून घेत होतो.

पण वही भरत गेली तसे एक लक्षात आले. गावाचा इतिहास ज्यांच्या तोंडून ऐकतो आहोत ती माणसे बसली आहेत कोठे? कोणी पडवीत, कोणी गोठ्याशेजारच्या छपरात. एक आजी तर मळ्यात मोटारीच्या खोलीत राहतात. स्टार्टरची पेटी, पाइपांचा ढीग आणि त्यात त्यांची वाकळ. गावातले घर स्लॅबचे आहे, पण ते लेकांचे. आम्ही जुन्या गावाविषयी विचारले तर आजी तासभर बोलल्या. "आता कसं चाललंय, आजी?" म्हटल्यावर म्हणाल्या, "काय सांगायचं बाबा. दोन येळंला भाकरी येती. कवा येती, कवा न्हाई."

म्हणून वाचकहो, या लेखात गावाचा इतिहास आहे, पण तो म्हातारपणाच्या बाजूने सांगितलेला आहे. ही माणसे अशी कोपऱ्यात का गेली, याचे उत्तर नुसते 'कलियुग आले' किंवा 'सुना चांगल्या नाहीत' असे देऊन भागत नाही. त्याची मुळे जमिनीत आणि जमिनीच्या कागदात आहेत.

धरणाआधीचा काळ आठवावा. आपल्या समाजाकडे जमीन होती ती वतनाची, हाडकी-हाडोळ्याची. तीही भावकीत वाटून चिंधी-चिंधी झालेली. त्या तुकड्याच्या बदल्यात रात्रंदिवस सरकारी आणि गावकीची कामे करावी लागत. वतनदार स्वतः हजर नसला तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी राबावे लागे. म्हणजे म्हाताऱ्या माणसालाही सुट्टी नव्हती. जुने दिवस सोन्याचे होते आणि तेव्हा म्हाताऱ्यांना फार मान होता, असे आपण सहज बोलतो. ते पुरते खरे नाही. अंगात बळ आहे तोवर राबणे आणि बळ सरले की मागून खाणे, असेच पुष्कळांचे म्हातारपण गेले. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले ते या गुलामीवरच घाव घालण्यासाठी. ते बिल तेव्हा पास झाले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि शेतसाऱ्याच्या ठरावीक पटीत रक्कम भरून त्या जमिनी वतनदारांना नव्या शर्तीवर परत मिळाल्या. हातात आलेला सातबारा हा कित्येक घरांतला पहिला हक्काचा कागद.

तो नीट घडी करून पेटीत ठेवतो न ठेवतो तोच धरण आले. माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमेवर काम सुरू झाले आणि १९८० साली धरण पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसीचा हा साठा, यशवंतसागर. त्याच्या फुगवट्याखाली सोलापूर, पुणे आणि नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतली काठची गावे गेली. आपल्या बाजूला माढा-करमाळ्याची गावे उठली, पलीकडे इंदापूर तालुक्यातले पळसदेव उठले. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि लोक बघायला जातात. त्या गर्दीत म्हातारी माणसे दुसरेच काही शोधत असतात. आपला उंबरा कोठे होता, ते.

धरणाने माणसे उठली तेव्हा कोणाला नव्या गावठाणात घरजागा मिळाली, कोणाला लाभक्षेत्रात पर्यायी जमीन, कोणाच्या हाती नुसती नुकसानभरपाई आली. जे काही आले ते कागदावर ज्याचे नाव त्याच्या हाती आले. नाव बहुतेक पुरुषाचे. बाईने जन्मभर त्याच शेतात खुरपले, पण तिचे नाव कोठेच नव्हते. नवरा गेल्यावर वारसनोंद झाली तर तिचे नाव लागे. न झाली तर तेही नाही. कायद्याने मात्र १९५६ पासून, नवरा मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या हिश्शात विधवेला मुलांच्या बरोबरीने वाटा आहे. मुलगा वारला तर त्याच्या हिश्शात आईही पहिल्या वर्गाची वारस आहे. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. पण हे आपल्या घराघरांत पोहोचले नाही.

त्यानंतर पाण्याने काठाचा नूर पालटला. पूर्वीच्या कोरडवाहू रानात मोटारी बसल्या, पाइपलाइनी गेल्या, ऊस आला, कारखाने आले, कंदर-वांगीकडे केळी आली. ज्या तुकड्याला पूर्वी कोणी विचारत नव्हते त्याला एकरी लाखांचा भाव आला. हे चांगलेच झाले. आमची त्याविरुद्ध तक्रार नाही. पण जमीन महाग झाली तसा तिच्यावर ज्याचे नाव तो म्हातारा माणूस घरात अडचण वाटू लागला. त्याच सुमारास तरुण पोरे पुणे, भोसरी, चाकणकडे कामाला गेली. सहीसाठी, अंगठ्यासाठी ती गावी येऊ लागली आणि काम झाले की परत जाऊ लागली.

२०१५ सालापासून आपल्या राज्यात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला, नातवंडाला बक्षीसपत्राने द्यायची असेल तर मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये झाले. सरकारचा हेतू चांगला होता. घरच्या घरात जमीन देताना लोकांना भुर्दंड पडू नये, एवढाच. पण त्यामुळे जन्माची कमाई दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर एका दुपारी हातची जाऊ लागली. मोटारीच्या खोलीतल्या आजींचे असेच झाले. नुकसानभरपाईच्या पैशातून नवऱ्याने घेतलेले दीड एकर रान त्यांच्या नावावर आले होते. दोन्ही लेकांनी सांगितले, "आई, तुझ्या मागं भांडणं नकोत, आत्ताच नावावर करून टाक." आजींनी करून टाकले. त्या दिवशी पेढे वाटले गेले. आम्हीही खाल्ले. पुढचे सांगायला जड जाते, पण इतिहास लिहायचा तर खरा लिहावा. त्या बक्षीसपत्रावर साक्षीदार म्हणून सही आमच्यातल्याच एकाची आहे. आजींना शेवटपर्यंत कोण सांभाळणार, हे कागदात लिहिले आहे का, असे आमच्यापैकी कोणी विचारले नाही.

आता कोणी म्हणेल, ही घरातली गोष्ट आहे, विहाराच्या स्मरणिकेत कशाला? त्याला आमचे उत्तर असे. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात मुलांची आईवडिलांविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत पहिलेच असे की, ज्यांनी मला पोसले त्यांना मी पोसीन. तेथेच आईवडिलांच्या बाजूने वारसा योग्य वेळी हाती देण्याचेही सांगितले आहे. योग्य वेळी, हे शब्द आपण नीट वाचले पाहिजेत. आणि संयुत्तनिकायात एका वृद्ध ब्राह्मणाची हकीगत आहे. एकेकाळचा श्रीमंत माणूस, पण चार मुलांनी बायकांच्या संमतीने त्याला घराबाहेर काढले. तो फाटक्या वस्त्रानिशी भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला 'सोसत राहा' असे सांगितले नाही. त्याला गाथा शिकवल्या आणि लोकांची सभा भरेल, मुलेही तेथे बसलेली असतील, तेव्हा त्या म्हणायला सांगितल्या. आधाराला धरलेली काठी असल्या मुलांपेक्षा बरी, असा त्यांचा मतितार्थ. त्याने तसे केले. मुलांनी त्याला घरी नेले, न्हाऊ घातले, प्रत्येकाने वस्त्रे दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीच ही गोष्ट घराच्या चार भिंतींतून सभेत आणली गेली होती. मग आपण ती झाकून का ठेवावी?

आता कायद्याकडे येऊ. म्हातारपणी सरकारी साहाय्य मिळावे, असे राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये आहे. श्रावणबाळ योजनेचे अनुदान त्याच वाटेने आले. २०२३ सालापासून ते महिना दीड हजार रुपये झाले. पासबुक आणि कार्ड मात्र पुष्कळदा नातवाच्या खिशात असते. म्हाताऱ्याच्या पैशावर दुसऱ्याने हात मारणे हासुद्धा छळच. मारहाण हाच छळ नव्हे. औषध न आणणे, जेवायला हाक न मारणे, दिवसेंदिवस अबोला धरणे, 'मरत का नाहीस' म्हणणे, दाखल्यासाठी तालुक्याला नेतो सांगून भलत्याच कागदावर अंगठा घेणे, हे सारे त्यातच येते.

पोटगीचा हक्कही नवा नाही. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्यात वृद्ध आईबाप आहेत. १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्येही ते होते. २०२४ पासून त्या जागी नव्या संहितेचे कलम १४४ आले आहे. आपल्याच राज्यातला एक खटला येथे आठवतो. कल्याणच्या एका लग्न झालेल्या डॉक्टर मुलीकडे वडिलांनी पोटगी मागितली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जबाबदारी मुलाइतकीच मुलीवरही आहे, मग तिचे लग्न झालेले का असेना. लेकीला वाटा, तशी लेकीला जबाबदारीही.

पण हे सारे कोर्टाचे रस्ते. तारखा, वकील, एस.टी.चे भाडे. म्हाताऱ्याने कोठवर जावे? म्हणून २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा वेगळा कायदा झाला. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. त्यातली मुख्य कलमे घरोघरी माहीत असावीत म्हणून सोप्या भाषेत देतो.

अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. माढा-करमाळ्याच्या गावांना त्यासाठी कुर्डुवाडीला जावे लागते. अर्ज स्वतः करता येतो, दुसऱ्या माणसाकडून किंवा संस्थेकडूनही करता येतो. मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडे यांच्याकडे चरितार्थ मागता येतो. मूलबाळ नसेल तर ज्याच्याकडे त्या माणसाची मालमत्ता आहे किंवा पुढे जाणार आहे, त्या नातेवाइकाकडे मागता येतो. आधी समेट घडवण्याची सोय आहे. नोटीस पोहोचल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. महिना दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम ठरवता येते. हुकूम होऊनही कोणी पैसे दिले नाहीत तर त्याला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. म्हाताऱ्या माणसाला कोठेतरी सोडून देणे हा तर गुन्हाच आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि कलम २३. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. येथेच आपली माणसे फसतात, कारण अट कोणी लिहीतच नाही. अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या बाजूने उदारपणे वाचला पाहिजे असे म्हटले, बक्षीसपत्र रद्द ठरवले आणि मालमत्तेचा ताबा आईला परत देण्यास सांगितले. तिच्याजवळ सांभाळाबद्दलचे लेखी होते, याचा तिला उपयोग झाला. मतलब एवढाच. एक ओळ लिहिलेली असली तर म्हातारपण तरते.

म्हणून आम्ही काही गोष्टी आपसात ठरवल्या आहेत आणि त्या येथे जाहीर करतो. जिवंतपणी सगळे नावावर करून देऊ नये, हे आम्ही प्रत्येक वडीलधाऱ्याला सांगणार. मृत्युपत्र करता येते आणि ते कधीही बदलता येते. द्यायचेच असेल तर राहणे, जेवण, औषधपाणी यांची अट कागदात घालावी. ती अट नसेल तर आमच्यापैकी कोणीही साक्षीदार म्हणून सही करणार नाही. पौर्णिमेला विहारात जमतो तेव्हा ज्याला कागद वाचून हवा त्याला वाचून दाखवू. एकट्या राहणाऱ्या माणसाकडे आठवड्यातून एकदा कोणीतरी जाईल आणि तेथे बसेल. १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा मोफत फोन नंबर विहाराच्या फळ्यावर लिहिला आहे.

आजींना हे सगळे सांगितले. ऐकून घेतले त्यांनी. मग म्हणाल्या, "पोरास्नी कोर्टात कसं वढू रं? माझीच हाईत ती." आम्ही म्हटले, आजी, हे कोर्ट नव्हे, आधी समोरासमोर बसवून समेटच करतात. आणि भीक मागायची नाही, हक्काचे मागायचे आहे. त्या गप्प राहिल्या. अर्ज लिहून तयार आहे. त्यावर अंगठा द्यायचा की नाही हे आजींनीच ठरवायचे. एकदा त्यांचा अंगठा घाईने घेतला गेला होता, आता पुन्हा तसे आमच्या हातून होणार नाही.

धाकट्या लेकाला मात्र आम्ही निरोप धाडला आहे. वर्धापनदिनाला गावी ये, आणि सभेत आईशेजारी बस.