मिनेसोटातील लाइट रेलचा राज्यनिधी आणि शहर-ग्रामीण वाद

मिनेसोटातील लाइट रेलचा राज्यनिधी हा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील दीर्घकालीन राजकीय वादाचा विषय आहे. मिनियापोलिस व सेंट पॉल या जोडशहरांतील लाइट रेल मार्गांच्या बांधणीचा व चालवण्याचा खर्च राज्याच्या तिजोरीतून किती प्रमाणात व्हावा, हा या वादाचा मुख्य मुद्दा होय. जोडशहरांभोवतीचा महानगर प्रदेश आणि ‘ग्रेटर मिनेसोटा’ या नावाने ओळखला जाणारा उर्वरित राज्याचा भाग यांच्यातील तणाव या प्रश्नात ठळकपणे व्यक्त होतो.

पार्श्वभूमी

मिनेसोटात एकूण ८७ काउंट्या आहेत. त्यांपैकी अनोका, कार्व्हर, डकोटा, हेनेपिन, रॅमझी, स्कॉट व वॉशिंग्टन या सात काउंट्यांचा मिळून महानगर प्रदेश बनतो. २०२०च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ५७ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ५५ टक्के लोक या सात काउंट्यांत राहत होते. उरलेल्या ८० काउंट्यांत शेतीप्रधान दक्षिण व पश्चिम भाग, लोहखनिजाच्या खाणींचा ईशान्य भाग, तसेच डुलूथ, रॉचेस्टर व सेंट क्लाउड यांसारखी मध्यम शहरे येतात.

जोडशहरांतील जुनी ट्रामसेवा १९५४ मध्ये बंद पडली व तिची जागा बसगाड्यांनी घेतली. १९६७ मध्ये विधिमंडळाने महानगर प्रदेशाच्या नियोजनासाठी मेट्रोपॉलिटन कौन्सिल ही संस्था स्थापन केली. तिचे सदस्य मतदारांनी निवडलेले नसून गव्हर्नरने नेमलेले असतात. लाइट रेलची बांधणी व संचालन याच संस्थेकडे आहे. कौन्सिल मतदारांना थेट उत्तरदायी नाही, हा आक्षेप रेल्वेविषयक चर्चेत वारंवार घेतला जातो.

निधीची घटनात्मक चौकट

राज्यघटनेनुसार इंधनकर व वाहन नोंदणी शुल्क यांचे उत्पन्न केवळ महामार्गांसाठी वापरता येते. या निधीचा ९५ टक्के भाग ठरावीक प्रमाणात वाटला जातो : ६२ टक्के राज्य महामार्गांना, २९ टक्के काउंट्यांच्या राज्यसाहाय्यित रस्त्यांना व ९ टक्के नगरपालिकांच्या रस्त्यांना. काउंट्यांच्या वाट्यातील मूळ सूत्रात १० टक्के रक्कम सर्व ८७ काउंट्यांना समान, १० टक्के वाहनसंख्येनुसार, ३० टक्के रस्त्यांच्या मार्गिकांच्या लांबीनुसार आणि ५० टक्के गरजेच्या अंदाजानुसार दिली जाते. समान वाटपाचा व लांबीचा निकष विरळ वस्तीच्या काउंट्यांना अनुकूल, तर वाहनसंख्येचा निकष महानगराला अनुकूल ठरतो.

यामुळे रस्त्यांसाठीचा इंधनकर लाइट रेलकडे वळवला जातो हा समज कायद्याच्या दृष्टीने बरोबर नाही. रेल्वेची व ग्रामीण कामांची स्पर्धा अन्य तीन ठिकाणी होते : राज्याचा सर्वसाधारण निधी, सार्वजनिक बांधकामांसाठीचे कर्जरोखे आणि मोटारवाहन विक्रीकर. २००६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीनुसार मोटारवाहन विक्रीकराचे सर्व उत्पन्न वाहतुकीसाठी राखून ठेवण्यात आले. त्यात महामार्गांचा वाटा ६० टक्क्यांहून अधिक आणि सार्वजनिक वाहतुकीचा वाटा ४० टक्क्यांहून कमी असू नये, अशी मर्यादा आहे. त्यानंतरच्या कायद्याने सार्वजनिक वाहतुकीच्या ४० टक्क्यांपैकी ३६ टक्के महानगराला व ४ टक्के ग्रेटर मिनेसोटाला दिले.

कर्जरोख्यांच्या विधेयकाला दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश बहुमत लागते. त्यामुळे केवळ महानगराच्या किंवा केवळ ग्रामीण सदस्यांच्या बळावर असे विधेयक सहसा संमत होत नाही. एका गावाची मलनिस्सारण योजना, दुसऱ्या शहराचा पूल व महानगरातील रेल्वे एकाच विधेयकात येतात ती याच कारणाने.

मार्गांचा विकास

हायावाथा मार्ग (ब्लू लाइन)

पहिला मार्ग मिनियापोलिसच्या मध्यभागातून विमानतळमार्गे मॉल ऑफ अमेरिकापर्यंत जातो. तो २००४ मध्ये जून व डिसेंबर अशा दोन टप्प्यांत सुरू झाला. सुमारे १९ किलोमीटर लांबीच्या या मार्गासाठी ७१.५३ कोटी डॉलर खर्च आला. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम संघीय सरकारची होती. राज्याने १० कोटी डॉलर दिले, तर उर्वरित भार प्रामुख्याने विमानतळ आयोग व हेनेपिन काउंटी यांनी उचलला. दोन्ही प्रमुख पक्षांबाहेरून निवडून आलेले तत्कालीन गव्हर्नर जेसी व्हेंचुरा यांनी प्रकल्पाला पाठिंबा दिला होता.

२००८चा कायदा व ग्रीन लाइन

१ ऑगस्ट २००७ रोजी मिनियापोलिसमधील आय-३५डब्ल्यू महामार्गावरील पूल मिसिसिपी नदीत कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेनंतर २००८ मध्ये विधिमंडळाने वाहतूक निधीचा व्यापक कायदा केला. गव्हर्नर टिम पॉलेंटी यांनी वापरलेला नकाराधिकार विधिमंडळाने फेटाळला. त्यासाठी प्रतिनिधिगृहातील सहा रिपब्लिकन सदस्यांनी पक्षाच्या भूमिकेविरुद्ध मत दिले. कायद्याने इंधनकर वाढवला, महानगरातील काउंट्यांना सार्वजनिक वाहतुकीसाठी पाव टक्का विक्रीकर आणि ग्रेटर मिनेसोटातील काउंट्यांना वाहतुकीच्या कामांसाठी अर्धा टक्क्यापर्यंत विक्रीकर लावण्याची मुभा दिली. रस्ते व रेल्वे, शहर व ग्रामीण भाग यांच्या मागण्या एकत्र बांधणारी ही तडजोड होती.

पाव टक्का कर सात काउंट्यांपैकी पाचांनीच स्वीकारला. शेतीचे क्षेत्र अधिक असलेल्या स्कॉट व कार्व्हर काउंट्या बाहेर राहिल्या. सहभागी काउंट्यांच्या मंडळाने लाइट रेल प्रकल्पांच्या भांडवली खर्चाचा साधारण ३० टक्के वाटा उचलावा, अशी व्यवस्था रूढ झाली. संघीय सरकारने ५० टक्के, राज्याने १० टक्के व स्थानिक रेल्वे प्राधिकरणांनी १० टक्के द्यावेत असा संकेत होता. राज्याचा भांडवली वाटा १० टक्क्यांहून अधिक नसावा, हे कायद्यातही नमूद करण्यात आले.

याच वर्षी एप्रिलमध्ये पॉलेंटी यांनी कर्जरोख्यांच्या विधेयकातील मिनियापोलिस-सेंट पॉल मार्गाची ७ कोटी डॉलरची तरतूद रद्द केली होती. मे महिन्यातील समझोत्यानंतर ती पुन्हा मान्य झाली. ग्रीन लाइन हा सुमारे १८ किलोमीटरचा मार्ग १४ जून २०१४ रोजी सुरू झाला. त्याचा खर्च सुमारे ९५.७ कोटी डॉलर होता.

साउथवेस्ट प्रकल्प व २०१६ची कोंडी

ग्रीन लाइनचा मिनियापोलिसपासून नैर्ऋत्येकडील ईडन प्रेअरी उपनगरापर्यंतचा सुमारे २३ किलोमीटरचा विस्तार हा वादाचा सर्वांत तीव्र टप्पा ठरला. २०१४च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षाने प्रतिनिधिगृहातील बहुमत गमावले. गमावलेल्या जागांपैकी बहुतेक ग्रेटर मिनेसोटातील होत्या. पक्षाने महानगराकडेच लक्ष दिले, हा प्रचारातील एक मुख्य आरोप होता. शेतकरी व कामगार पक्षाच्या विलीनीकरणातून १९४४ मध्ये घडलेल्या या पक्षाच्या दृष्टीने ग्रामीण जनाधाराची ही घट विशेष महत्त्वाची होती.

मे २०१६ मध्ये अधिवेशनाच्या अखेरच्या काही मिनिटांत सुमारे १०० कोटी डॉलरचे कर्जरोख्यांचे विधेयक सिनेटपुढे आले. सिनेटने त्यात साउथवेस्ट प्रकल्पासाठी स्थानिक निधी उभारण्यास वाव देणारी दुरुस्ती जोडली. तोवर प्रतिनिधिगृहाचे कामकाज संपले होते. परिणामी संपूर्ण विधेयक बारगळले आणि त्याबरोबर राज्यभरातील रस्ते, पूल व पाणीयोजनांची कामे लांबणीवर पडली. गव्हर्नर मार्क डेटन यांच्या विशेष अधिवेशनाविषयीच्या वाटाघाटीही ऑगस्टमध्ये मुख्यतः याच प्रकल्पावरून फिसकटल्या.

राज्याचा वाटा न मिळाल्याने मेट्रोपॉलिटन कौन्सिलने विधिमंडळाच्या मंजुरीची गरज नसलेली १०.३५ कोटी डॉलरची सहभाग प्रमाणपत्रे काढण्याचे ठरवले. काउंट्यांचे मंडळ व हेनेपिन काउंटीचे रेल्वे प्राधिकरण यांनी प्रत्येकी २.०५ कोटी डॉलरची अतिरिक्त जबाबदारी घेतली. २०१७ मध्ये पाच काउंट्यांचे मंडळ विसर्जित झाले आणि हेनेपिन काउंटीने स्वतंत्रपणे अर्धा टक्का विक्रीकर लागू केला. २०१६ मध्ये सुमारे १८६ कोटी डॉलर अपेक्षित असलेला खर्च पुढे २७० कोटी डॉलरच्या वर गेला. २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रकल्पाची लेखापरीक्षकाकडून विशेष तपासणी करण्याचा आदेश दिला. हा मार्ग २०२७ मध्ये सुरू करण्याचे नियोजन आहे.

बाजू व प्रतिवाद

ग्रामीण प्रतिनिधींचा मुख्य युक्तिवाद असा की, ज्या सेवेचा लाभ त्यांच्या मतदारांना मिळत नाही तिचा भार राज्यव्यापी करांवर पडू नये. दुपदरी महामार्गांवरील प्राणघातक अपघात, जुने पूल व धान्य वाहून नेणारे रस्ते यांना ते अग्रक्रम मागतात. न्यू उल्म ते रॉचेस्टर हा महामार्ग क्रमांक १४ पूर्ण चौपदरी व्हावा ही दक्षिण मिनेसोटाची अनेक दशकांची मागणी होती; ती २०२३ मध्ये पूर्ण झाली. बांधकामानंतर कायम राहणारा संचालनाचा खर्च हाही आक्षेपाचा विषय आहे. तिकिटांचे उत्पन्न व संघीय साहाय्य वजा जाता उरणाऱ्या लाइट रेल खर्चाचा निम्मा भाग राज्याने द्यावा, अशी तरतूद कायद्यात बराच काळ होती.

समर्थकांच्या मते राज्याच्या करउत्पन्नात महानगराचा वाटा त्याला मिळणाऱ्या साहाय्याहून मोठा आहे. प्रतिनिधिगृहाच्या संशोधन विभागाने काउंटीनिहाय कर व साहाय्य यांची तुलना करणाऱ्या अहवालांतही हे चित्र दिसले आहे. राज्याने आपला १० टक्के वाटा उचलल्यास संघीय सरकारची त्याच्या पाचपट रक्कम मिळू शकते. ती नाकारल्यास अन्य राज्यांतील प्रकल्पांकडे जाते, असेही ते सांगतात.

ग्रामीण भागातील सार्वजनिक वाहतूक या चर्चेत बहुधा मागे पडते. ग्रेटर मिनेसोटात दूरध्वनीवर नोंदणी करून बोलावता येणाऱ्या लहान बसगाड्या वृद्ध व अपंग प्रवाशांसाठी महत्त्वाच्या आहेत. ग्रामीण सेवांच्या संचालन खर्चातील स्थानिक वाटा कायद्याने १५ टक्के ठरवला आहे. उर्वरित खर्च मुख्यतः राज्य व संघीय निधीतून होतो. म्हणजे प्रतिप्रवासी अनुदानाचा प्रश्न केवळ शहरी रेल्वेपुरता मर्यादित नाही. ग्रेटर मिनेसोटातील सार्वजनिक वाहतुकीची ९० टक्के गरज २०२५ पर्यंत भागवावी, असे उद्दिष्टही कायद्यात घालण्यात आले होते.

हा वाद पूर्णपणे शहर विरुद्ध खेडे असा नाही. महानगरातील काही उपनगरी काउंट्यांचा रेल्वे खर्चाला विरोध राहिला, तर मिनियापोलिसमधील काही रहिवाशांनी साउथवेस्ट मार्गाच्या आखणीला आक्षेप घेतला.

२०२३ नंतरची स्थिती

२०२३ मध्ये गव्हर्नर टिम वॉल्झ यांच्या कारकिर्दीत विधिमंडळाने सात काउंट्यांत वाहतुकीसाठी पाऊण टक्का विक्रीकर लागू केला. त्यातील ८३ टक्के उत्पन्न मेट्रोपॉलिटन कौन्सिलला व १७ टक्के काउंट्यांना मिळते. त्याच वर्षी इंधनकर महागाईशी जोडण्यात आला व ठरावीक किमतीपुढील घरपोच मालावर शुल्क बसवण्यात आले. यामुळे लाइट रेलचा भार बऱ्याच अंशी महानगरातील ग्राहकांवर आला आणि राज्यव्यापी निधीवरील अवलंबन घटले. तथापि, महासाथीनंतर घटलेली प्रवासीसंख्या, साउथवेस्ट प्रकल्पाचा वाढलेला खर्च व ब्लू लाइनचा ब्रुकलिन पार्कपर्यंतचा प्रस्तावित विस्तार यांमुळे या विषयावरील मतभेद कायम आहेत.

हे सुद्धा पहा

मिनेसोटा
मिनियापोलिस
सेंट पॉल
लाइट रेल
सार्वजनिक वाहतूक