शरदाच्या आरंभीचा आहार : सणांनी जपलेली हंगामी भाज्यांची ओळख

पावसाळा ओसरून शरद ऋतू सुरू होतो, तेव्हा पावसाच्या पाण्यावर वाढलेल्या वेलभाज्या, पालेभाज्या आणि कंद काढणीस येतात. त्यांपैकी अनेकांचा हंगाम अल्प असतो. कोणत्या प्रदेशात केव्हा काय खावे, याचे ज्ञान भारतात सणांच्या स्वयंपाकाने जपले आहे.

महाराष्ट्रात भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीची भाजी केली जाते. बैलाच्या श्रमाने पिकवलेले अन्न या व्रतात वर्ज्य असते. त्यामुळे परसात वाढलेले अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळे, लाल भोपळा, सुरण आणि मक्याची कणसे एकत्र शिजवली जातात.

बिहारमध्ये याच सुमारास जितिया व्रत येते. महाराष्ट्रीय पंचांगानुसार ती भाद्रपद वद्य अष्टमी होय. उपवासाच्या आदल्या दिवशी तेथे मडुआची, म्हणजे नाचणीची, भाकरी, नोनी साग अर्थात घोळाची भाजी आणि दोडका खाण्याची प्रथा आहे. बंगालमध्ये कालीपूजेच्या आदल्या दिवशी चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात. पारंपरिक यादीत सुरणाचा पाला आणि कडुनिंबाची पाने यांचाही समावेश आहे. उत्तर भारतातील तळ्यांत याच ऋतूत शिंगाडा तयार होतो. तो धान्यात गणला जात नसल्याने नवरात्राच्या उपवासाला चालतो.

आयुर्वेदानुसार पावसाळ्यात साचलेले पित्त शरदातील उन्हाने प्रकोप पावते. म्हणून चरकसंहितेत या ऋतूसाठी मधुर, कडू, थंड आणि पचनास हलके अन्न सांगितले असून दही वर्ज्य मानले आहे.

या भाज्या खाताना काळजीही आवश्यक असते. अळू व सुरण यांतील कॅल्शियम ऑक्सलेटच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे घसा खवखवतो. म्हणून त्या चिंच किंवा कोकम घालून नीट शिजवल्या जातात. रानभाज्या मात्र जाणकाराने ओळखून दिल्याशिवाय खाऊ नयेत, कारण काही विषारी वनस्पती त्यांच्यासारख्याच दिसतात.

शहरी बाजारात आज बहुतेक भाज्या बाराही महिने मिळतात. घोळासारख्या भाज्या तेथे क्वचितच पोहोचतात. त्या ओळखणारी आणि रांधणारी माणसे कमी झाल्यास, शेताच्या बांधावर उगवूनही त्या केवळ तण ठरतील.