सातारा-सांगली परिसरातील सुप्त क्षयसंसर्ग : आरोग्यधामापासून घरापर्यंत

सातारा व सांगली परिसरातील क्षयरोगाचा इतिहास लिहावयाचा म्हटला की प्रथम रुग्णालयांची नावे पुढे येतात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरज संस्थानात 1894 मध्ये रुग्णालय उभारले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वॉनलेसवाडीत पुढे क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम झाले. पाचगणीस डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये बेल-एअर सुरू केले. या संस्थांचे कार्य निर्विवाद मोठे होय. तथापि, तेथे पोहोचत असे तो खोकणारा, खंगलेला रुग्ण. त्याच्या घरातील धडधाकट दिसणारी, परंतु शरीरात जंतू वागविणारी माणसे या इतिहासात जवळजवळ आढळत नाहीत.

क्षयाचे जंतू शरीरात शिरले म्हणजे रोग झालाच असे नाही. बहुसंख्य व्यक्तींत प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते. हाच सुप्त संसर्ग होय. अशांपैकी साधारणतः 5 ते 10 टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. पिर्के यांनी 1907 मध्ये व मांतू यांनी 1908 मध्ये त्वचेवरील ट्युबरक्युलिन चाचणी रूढ केल्यावर हा अदृश्य संसर्ग प्रथमच मोजता येऊ लागला. मात्र तो कळूनही उपाय काहीच नव्हता. कोरडी हवा, विश्रांती आणि सकस आहार ही आरोग्यधामाची त्रिसूत्री आजारी माणसासाठी होती. शेतात राबणाऱ्या निरोगी माणसास ती कोण सांगणार, आणि त्याने ती पाळावी तरी कशी?

विसाव्या शतकात सातारा जिल्ह्यातून, ज्यात आजच्या सांगलीचा बराचसा भाग मोडत असे (1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला व 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले), असंख्य पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले. दाटीच्या खोल्यांत झालेला संसर्ग वर्षानुवर्षे झोपून राहतो, हे लक्षात घेतल्यास गावी परतलेल्या कामगारास उशिरा जडणाऱ्या क्षयाचा उलगडा होऊ शकतो. रुग्णालयाच्या नोंदवहीत मात्र केवळ अखेरचा टप्पा उतरतो.

1952 मध्ये आयसोनियाझिड उपलब्ध झाले आणि चित्र पालटले. मद्रास येथे 1956 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने घरी औषध घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, हे 1959 मध्ये दाखवून दिले. आरोग्यधामांचे प्रयोजन तेथेच ओसरू लागले. हेच औषध सुप्त संसर्गावरही चालते. परंतु संसाधने अपुरी असताना राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर संसर्ग पसरविणाऱ्या रुग्णावरच राहिला. त्या काळी तो समर्थनीयही होता.

सुप्त संसर्गाकडे पुन्हा लक्ष वळविले ते एचआयव्हीने. प्रतिकारशक्ती खालावताच निद्रिस्त जंतू जागे होतात. सांगली जिल्ह्यास या साथीची मोठी झळ बसली, आणि रेडक्रॉसकडे आलेले बेल-एअर एचआयव्हीबाधितांच्या उपचारांचे केंद्र बनले. आरोग्यधामाच्या इमारतीस असा नवा अर्थ लाभावा, हे विशेष होय.

2021 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रतिबंधक उपचारांची कक्षा फुप्फुसाच्या क्षयरुग्णाच्या घरातील सर्व वयोगटांपर्यंत वाढविली. निदान मात्र सरळ नाही. बीसीजी लस घेतलेल्यांत ट्युबरक्युलिन चाचणी फसवू शकते. रक्तावरील इग्रा चाचणी ती अडचण टाळते, पण महाग पडते. 2022 मध्ये मान्यता मिळालेली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सायटीबी ही त्वचाचाचणी या दोहोंमधील वाट ठरू शकते. तथापि यांपैकी एकही चाचणी सुप्त संसर्ग आणि प्रत्यक्ष रोग यांत भेद करीत नाही. म्हणून लक्षणांची विचारपूस व शक्य तेथे छातीचा एक्स-रे करून रोग नाही याची खात्री आधी करावी लागते. अन्यथा एकट्या आयसोनियाझिडने प्रतिरोधी जंतू वाढण्याचा धोका असतो. उपचार सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा रिफापेंटिनसह आठवड्यातून एकदा असे 12 आठवडे चालतात, आणि त्या काळात यकृतावरील दुष्परिणामांकडे लक्ष ठेवावे लागते.

आरोग्यधामात रुग्ण स्वतः चालून येत असे, कारण त्यास वेदना होती. आता आरोग्यसेविकेस उंबरठ्याशी जाऊन, काहीच दुखत नसलेल्या सुनेस वा शाळकरी मुलास महिनोन्महिने गोळ्या घेण्यास राजी करावे लागते.