सागरपृष्ठाची उंची
सागरपृष्ठाची उंची : ठरविलेल्या संदर्भपृष्ठापासून मोजलेली सागरजलाच्या पृष्ठभागाची उभी उंची. ती एकच राशी दिसत असली, तरी अनेक घटकांची बेरीज असते. हे घटक क्रमाक्रमाने वेगळे ओळखले गेले.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर आहे, असे म्हणताना सागराची माध्य पातळी शून्य धरलेली असते. भारतात ही पातळी बंदरांतील भरतिमापकांवरून ठरविण्यात आली. मुंबईच्या अपोलो बंदरातील नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ मध्ये देशभरच्या समतलमापनाचे एकत्रित समायोजन केले. त्यात कराची, मुंबई, कारवार, मद्रास इ. नऊ बंदरांतील माध्य सागरपातळी शून्य धरली होती. सर्व बंदरांची पातळी सारखी आहे, हे त्यामागील गृहीत काटेकोरपणे खरे नव्हते.

सागर निश्चल असता, तर त्याचे पृष्ठ गुरुत्वाकर्षणाच्या दिशेस सर्वत्र लंब राहिले असते. अशा पृष्ठास जीऑइड म्हणतात. श्रीलंकेच्या दक्षिणेस ते पृथ्वीच्या गणिती विवृत्ताभाच्या सु. १०० मी. खाली आहे. प्रत्यक्ष सागरपृष्ठ प्रवाह, वारा, तापमान व लवणता यांमुळे जीऑइडपासून साधारणतः एक-दोन मीटरपर्यंत ढळते. उष्ण किंवा कमी खारे पाणी हलके असल्याने त्याचा स्तंभ उंच होतो. हवेचा दाब एक मिलिबारने घटल्यास पृष्ठ सु. एक सेंमी. चढते. याखेरीज भरती-ओहोटी असतेच. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो व किनाऱ्याजवळील पातळी उतरते. हिवाळ्यात प्रवाह उलटतो व ती चढते.

अमेरिकेतील कर्क ब्रायन यांच्या १९६९ च्या सागरी प्रतिमानात गणन सुलभ व्हावे म्हणून पृष्ठभाग ताठ झाकणासारखा मानला होता. त्यामुळे पृष्ठाची उंची ही बदलती राशी म्हणून त्यात नव्हती. पुढील प्रतिमानांत पृष्ठ मोकळे ठेवण्यात आले. तथापि यांपैकी बहुतेक प्रतिमाने वस्तुमानाऐवजी घनफळ अक्षय्य मानतात. म्हणून संपूर्ण सागर तापून फुगल्याने होणारी वाढ त्यांत आपोआप उमटत नाही. ती सर्वत्र समान अशा शुद्धीने वेगळी मिळवावी लागते, हे ग्रेटबॅच यांनी १९९४ मध्ये दाखविले. तसेच अनेक प्रतिमानांत भरती-ओहोटी व वायुदाबाचा परिणाम समाविष्ट नसतो. भरतिमापक मात्र लगतच्या जमिनीच्या सापेक्ष पातळी नोंदवितो आणि जमीन स्वतःही खचते वा उचलली जाते. घटकांचा असा हिशेब न करता प्रतिमानातील अंकांची बंदरातील नोंदीशी तुलना केल्यास निष्कर्ष चुकतो. १९९२ मध्ये सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन व २०१३ मधील भारत-फ्रान्स यांच्या सरल या उपग्रहांमुळे खुल्या सागरावरील पृष्ठाची मोजणी तुलनेस उपलब्ध झाली.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शंकर व शेट्ये यांनी १९९९ मध्ये मुंबईच्या पातळीतील दशकांगणिक होणाऱ्या चढउतारांचा संबंध मोसमी पावसाशी जोडला. पावसाचे पाणी नद्यांवाटे सागरास मिळून किनाऱ्यालगतची लवणता बदलते व तिच्याबरोबर पातळीही बदलते, अशी त्यांची उपपत्ती आहे. कोल्हापूरच्या पंचगंगेचे पाणी नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. हिवाळ्यात तेथील गोडसर पाणी श्रीलंकेस वळसा घालून अरबी समुद्रात शिरते. या उपपत्तीनुसार, ज्या पातळीवरून कोल्हापूरची उंची मोजतात तिच्या चढउतारांत सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील पावसाचाही अल्प वाटा असतो.