वाजिब-उल-अर्जातली पायवाट

इतिहासाच्या पुस्तकात किल्ले असतात, लढाया असतात, तहनामे असतात. पायवाट मात्र नसते. ती कुणा राजाने बांधलेली नसते, तिचा शिलालेख नसतो, तिच्यावर कुणी कर बसवलेला नसतो. माणसे चालत राहिली म्हणून ती झाली आणि माणसे चालायची थांबली की ती जाते. म्हणूनच सामान्य माणसाचा इतिहास शोधायचा असेल तर तिच्यासारखा पुरावा नाही. विदर्भातल्या मुसलमानाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आयुष्यात कधी ना कधी विचारला जातोच. त्याचे उत्तर आपण बहुधा दिल्लीत, दौलताबादेत, हैदराबादेत शोधत बसतो. खरे उत्तर कित्येकदा आपल्याच शिवारातल्या धुळीत पडलेले असते. नागपूर ते वाकी ही अशीच एक वाट.

वाकी हे सावनेर तालुक्यातले कन्हानकाठचे गाव. नागपूरपासून सुमारे २५ ते ३० किलोमीटर. नागपूरहून मानकापूर, कोराडी, पाटणसावंगीकडे जायचे आणि मग कन्हानच्या दिशेला वळायचे. पुढे हीच दिशा सावनेर, सौंसर करीत सातपुड्यात शिरते. आज छिंदवाडा जिल्ह्यात असलेले देवगड या दिशेला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला. ‘बख्त बुलंद’ हा किताब त्याला बादशहाकडून मिळाला. राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र जोडून, त्यांच्यामध्ये रस्ते काढून त्याने १७०२ मध्ये नागपूर शहर वसवले. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने राजधानीच देवगडहून नागपूरला आणली, शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा गांधीसागर. म्हणजे नागपूरचा जन्मच मुळी वाड्यांना जोडणाऱ्या वाटांमधून झाला. हे शहर डोंगरातून उतरून आलेल्या एका आदिवासी मुसलमान राजाने वसवले, ही गोष्ट शाळेत शिकवली तर जाते, पण शिकवून विसरली जाते. शहरात त्याचा पुतळा आहे; त्याचा वारसा आपला आहे असे म्हणणारे मात्र कमी.

भोसल्यांचे राज्य आले, पुढे इंग्रज आले. १८२१ मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी उभी राहिली. छावणीमागून व्यापारी आले, कारागीर आले. १८५७ नंतर उत्तरेकडून परागंदा झालेले मोमीन विणकर कामठीत आणि नागपूरच्या मोमीनपुऱ्यात स्थिरावले. या कामठीतच २७ जानेवारी १८६१ रोजी ताजुद्दीन बाबांचा जन्म झाला. लहानपणीच आईवडील गेले, आजोळी वाढले. पुढे लष्करात नोकरी केली, पलटणीबरोबर सागरला गेले. तिथे हजरत दाऊद मक्की यांच्या मजारवर रात्री घालवू लागले आणि नोकरी सुटली. कामठीला परतल्यावर लोकांनी त्यांना वेडा ठरवले. १८९२ मध्ये त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. तिथे ते सोळा वर्षे होते. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांचा जामीन दिला आणि त्यांना शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणले.

वाकीचा संबंध इथून सुरू होतो. वाकीचे मालगुजार काशीनाथ पाटील हे बाबांचे भक्त. त्यांच्या आग्रहावरून बाबा वाकीला राहिले. तिथे झाडांखालच्या जागांना त्यांनी नावे दिली: हा शफाखाना, ही शाळा, ही मशीद, हे परेडचे मैदान. भिंत नाही, छप्पर नाही. पण ज्याला बरे व्हायचे त्याने शफाखान्याच्या झाडाखाली पडून राहावे, ज्याला शिकायचे त्याने शाळेच्या झाडाखाली बसावे. त्या झाडांच्या सावलीसाठी नागपूर-कामठीकडून माणसांची रीघ लागली. पैसेवाले टांग्याने, शेतकरी बैलबंडीने आणि बाकीचे पायी. कन्हानचे पात्र, पांधणी, शेतांचे धुरे यांतून माणसांनी आपली वाट पाडली.

या वाटेवरच्या माणसांकडे जरा नीट पाहा. वाड्यात आसरा देणारा मराठा राजा, गावात आसरा देणारा पाटील आणि मध्ये कामठीचा एक मुसलमान फकीर. चालणाऱ्यांत कोष्टी होते, मोमीन होते, कुणबी, महार, तेली, पारशी, सगळेच. या सरमिसळीला आपण ‘गंगाजमनी’ म्हणतो. पण आपल्याकडे ना गंगा, ना जमुना. आपली संस्कृती कन्हान-कोलारची आहे. ती कुणा विचारवंताने मांडली नाही, ती पायांनी घडवली. १७ ऑगस्ट १९२५ रोजी शक्करदऱ्याला बाबांचे निधन झाले. दर्गा ताजबागेत झाला, तरी वाकीची वाट थांबली नाही. ताजबागेला जाणारा भाविक आजही ‘वाकीला जाऊन आलात का?’ असे विचारतो.

आता पायवाटेच्या हक्काकडे येऊ. मध्य प्रांतात १८६० च्या दशकात जमिनीचा बंदोबस्त झाला, मालगुजारी पक्की झाली. त्या वेळी गावोगावचा रिवाज लिहून ठेवण्याची पद्धत पडली. त्या कागदाचे नाव ‘वाजिब-उल-अर्ज’. जे सांगणे रास्त आहे ते, असा त्याचा अर्थ. पाणी कुणी कसे घ्यायचे, मासे कुणी धरायचे, कुणाच्या शेतातून वाट जाते, हे त्यात येते. सरपण, चराई, गावठाणाचा वापर यांसाठी ‘निस्तार पत्रक’. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, पण हे दोन शब्द गेले नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आहे आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज आहे. ज्यांना उर्दू-फारसी शब्द मराठीत परके वाटतात, त्यांनी एकदा आपल्याच तलाठ्याचे दप्तर उघडावे. मौजा, खसरा, हद्द, रस्ता, वाजिब-उल-अर्ज... आणि त्यांच्याच शेजारी वहिवाट, धुरा, शिवार. गावाच्या कागदात या दोन भाषा एका चटईवर बसलेल्या आहेत. भांडण लावायला बाहेरचेच यावे लागते.

हा हक्क केवळ भावनेचा नाही. वहिवाटीचा रस्ता कुणी नांगरला, त्यावर कुंपण घातले, तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सहा महिने गप्प बसले की हा सोपा मार्ग बंद होतो आणि दिवाणी न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. इतिहासाचेही असेच असते. बोलायच्या वेळी बोलले नाही की आपली वाट दुसऱ्याच्या सातबाऱ्यात जाते.

या परिसराचे रूप पार पालटले आहे. १९७४ मध्ये कोराडीच्या वीजकेंद्राची चिमणी धुरावली, मग खापरखेडा आले, कोळशाच्या खाणी आल्या. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली आणि तिच्या जागी ब्रॉडगेज आली. सावनेरचा रस्ता चौपदरी झाला. वाहने वाढली हे चांगलेच झाले. आजारी माणसाला तीस किलोमीटर पायी चालावे लागू नये. पण चौपदरी रस्त्यावर कुणी कुणाला भेटत नाही. पायवाटेवर पाणी मागावे लागते, सावली विचारावी लागते, ‘कोणत्या गावचे?’ म्हणून चौकशी होते. तिथे ‘कोणत्या गावचे?’ ही आपुलकी असते. तोच प्रश्न हमरस्त्यावर आला की त्याची झडती होते.

म्हणून आपल्या लेखकांना, अभ्यासकांना आणि विशेषतः तरुण मुलामुलींना एक विनंती. आपल्या गावचा वाजिब-उल-अर्ज तहसील कार्यालयातून मागून घ्या. गावनकाशावरची तुटक रेषा कुठून कुठे जाते ते पाहा आणि एकदा तिच्यावरून चाला. दर्ग्याकडे, मंदिराकडे, कब्रस्तानाकडे, आठवडी बाजाराकडे जाणाऱ्या वाटा वयस्कांना विचारून टिपून ठेवा. ज्या वाटेने आपले आजोबा चालले, ती कागदावर असेल तर मुळाचा प्रश्न विचारणाऱ्याला वेगळे उत्तर द्यायची गरज उरणार नाही. नकाशावर बोट ठेवले की पुरे.