एका आमरीचे पाठभेद

कॅटलिया लॅबिएटा या ब्राझिलियन आमरीची (ऑर्किडसाठी आपल्याकडे हाच शब्द आहे, आणि तो आम्हाला अधिक प्रिय आहे) एक कथा बागकामाच्या पुस्तकांतून शंभराहून अधिक वर्षे सांगितली जात आहे. विल्यम स्वेन्सन या इंग्रज संग्राहकाने १८१८ च्या सुमारास ब्राझीलहून शेवाळ आणि दगडफूल यांच्या पेट्या मायदेशी धाडल्या. पेट्यांतला माल हलू नये म्हणून मध्ये काही जाड पानांची, बिनकामाची झाडे कोंबली होती. लंडनजवळच्या बार्नेट येथील धनिक व्यापारी विल्यम कॅटली याने केवळ कुतूहलापोटी ती लावली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांतून जांभळ्या ओठांचे असे फूल उमलले की बघणारे थक्क झाले. पुढे स्वेन्सन कुठेतरी नाहीसा झाला, झाडाचा ठावठिकाणाही त्याच्याबरोबर गेला, आणि तब्बल सत्तर वर्षे युरोपातील शोधक हात हलवत परतत राहिले.

कथा इतकी रेखीव आहे की संहितेचा अभ्यास करणाऱ्याला तिच्याविषयी लगेच संशय यावा. तसा तो घ्यायला जागाही आहे. स्वेन्सनने ही झाडे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हूकर यालाही पाठवली होती. अशा माणसाला पाठवलेल्या झाडांना पेटीतले भरण म्हणणे कठीण आहे. स्वेन्सन बेपत्ता तर मुळीच झाला नव्हता. इंग्लंडला परतल्यावर त्याने वीस-बावीस वर्षे पक्षी, शंख-शिंपले यांवर सचित्र ग्रंथांमागून ग्रंथ काढले. १८४० मध्ये तो न्यूझीलंडला जाण्यास निघाला आणि तेथेच १८५५ मध्ये वारला. तोवर त्याला पत्र टाकून ‘झाड कुठले?’ एवढे विचारणे कोणालाही शक्य होते. (पुढे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियात या गृहस्थाने निलगिरीच्या कुळातील जाती व उपजाती मिळून १५२० मोजल्या आणि वनस्पतिशास्त्रज्ञांच्या थट्टेचा विषय झाला. पण तो वेगळा अध्याय.)

मग झाड हरवले कसे? आमच्या मते ते जंगलात हरवले नाही, नोंदींमध्ये हरवले.

१८२१ मध्ये तरुण जॉन लिंडलीने या झाडाचे वर्णन व चित्र प्रसिद्ध केले. नव्या प्रजातीला आश्रयदात्या कॅटलीचे नाव मिळाले, जातीला ओठावरून ‘लॅबिएटा’ हे विशेषण मिळाले. ज्याच्या काचघरात फूल उमलले त्याचे नाव अजरामर झाले आणि जिथून ते आले त्या पर्नाम्बुको प्रांताचा मात्र सर्वांना विसर पडला. १८३६ मध्ये ब्राझीलला गेलेल्या जॉर्ज गार्डनरला रिओजवळच्या गाव्हिया डोंगराच्या कड्यांवर कॅटलियांचे ताटवे दिसले आणि त्याने ती लॅबिएटाच मानली. आज ती लोबाटा नावाची वेगळीच जात मानली जाते. परंतु छापील पानावर एकदा ‘रिओ’ उमटल्यावर पुढच्यांनी रिओच्याच आसपास शोधावे, हे स्वाभाविक होते. एका प्रतीतील चूक पुढच्या सर्व प्रतींत कशी उतरते, हे आपण हस्तलिखितांच्या बाबतीत नेहमी पाहतो. यातला दैवदुर्विलास असा की याच गार्डनरने १८३७ मध्ये पर्नाम्बुकोतही मुक्काम केला होता.

त्यातच अँडीजच्या बाजूने नवी गर्दी झाली. व्हेनेझुएलाहून मॉसी आली (१८३८ मध्ये हूकरने तिला स्वतंत्र नाव दिले), कोलंबियाहून ट्रायानी आली (१८६०). वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने पाहिले तर या सगळ्या सख्ख्या बहिणी वाटतात. म्हणून जाणकारांनीही त्यांना लॅबिएटाच्याच पोटात ‘प्रकार’ म्हणून ढकलले. नाव शिल्लक होते, पण त्याखाली वस्तू निराळ्याच होत्या. रसिकांसाठी एक टीप: प्रूस्तच्या कादंबरीच्या १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात ओदेत आपल्या पोशाखावर कॅटलिया माळते आणि ते फूल प्रेमिकांचा सांकेतिक शब्द बनते. कथेतला काळ पाहता ती फुले बहुधा अँडीजचीच असणार. खरी लॅबिएटा तेव्हा पॅरिसला दुर्मीळ होती.

ओळख पटवण्याचा मार्ग वाळलेल्या कागदापेक्षा कुंडीतून अधिक जात होता. सुरुवातीच्या माळ्यांनी या झाडांना उष्ण, कोंदट, बंद काचघरांत ठेवून अक्षरशः उकडून मारले. झाडांच्या फांद्यांवर वाऱ्यात वाढणाऱ्या या मुळांना हवा हवी असते, हे उमगायला काही दशके गेली. जगलेली झाडे मात्र बोलू लागली. मॉसी वसंतात फुलते, ट्रायानी ऐन हिवाळ्यात. लॅबिएटाचा कोंब उन्हाळ्यात वाढतो आणि शरदातच फुलतो. शिवाय तिच्या कळ्यांभोवती बहुधा दुहेरी आवरण असते. ऋतू हेच लक्षण! ते नमुन्याच्या कागदावर दिसत नाही. त्यासाठी झाड वर्ष-दोन वर्षे सांभाळावे लागते. इथे माळी पंडिताच्या पुढे गेला असे आम्हाला वाटते.

१८८९ च्या सुमारास पॅरिसच्या मोरो नामक कीटकसंग्राहकाकडे पर्नाम्बुकोहून किड्यांबरोबर काही कॅटलिया आल्या. त्या फुलल्या तेव्हा इंग्लंडचा आमरी-व्यापारी फ्रेडरिक सॅन्डर याने त्या ओळखल्या. त्याची काचघरे सेंट ऑल्बन्सला होती. स्वेन्सन न्यूझीलंडला जाण्यापूर्वी त्याच गावाजवळ राहत असे! १८९१ मध्ये सॅन्डरने ही झाडे खरी, शरदात फुलणारी लॅबिएटा म्हणून विकायला काढली. ब्रुसेल्सच्या लिंडेन यांनी तेच झाड ‘वॉरोक्वेआना’ हे नवे नाव देऊन बाजारात आणले. एकाच संहितेच्या दोन प्रती, दोन मुखपृष्ठे, दोन मालक. निवाडा करू शकेल असा राइखेनबाख १८८९ मध्येच वारला होता आणि आपला संग्रह पंचवीस वर्षे सीलबंद राहील अशा अटीवर व्हिएन्नाला देऊन गेला होता. झाडाने मात्र शरदात फुलून स्वतःच साक्ष दिली. नवे नाव टिकले नाही.

पत्ता सापडला आणि त्याबरोबर उपसाही सुरू झाला. पर्नाम्बुकोच्या किनाऱ्यावरची जंगले उसाने आधीच गिळली होती. उरली ती आतल्या कोरड्या मुलखातल्या दमट टेकड्यांवरची, ज्यांना तेथील लोक ‘ब्रेजो’ म्हणतात. त्या टेकड्यांवरून पेट्यांमागून पेट्या बंदरात उतरल्या. सत्तर वर्षे ज्या अज्ञानाची युरोपला खंत होती, त्याच अज्ञानाने ती राने तेवढा काळ राखली होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आमरीचे बी धुळीसारखे असते. त्यात साठवलेले अन्न नसते आणि निसर्गात बुरशीच्या साथीशिवाय ते वाढत नाही. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर, बुरशीवाचून बी रुजवून दाखवले, तेही कॅटलियाच्या बियांचा उपयोग करून. आज बाटलीत रुजवलेली लॅबिएटा जगभरच्या बागांत सहज मिळते. कुंडीला चिठ्ठी असते, तिच्यावर कॅटलीचे नाव असते. ब्रेजोतल्या झाडांवर ती शोधायला मात्र मान उंच करून बराच वेळ हिंडावे लागते.